हातांनी घडवलेल्या छोट्या सर्कशी : जमवणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची. गेली बावीस वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहते आणि त्यातली सतरा वर्षं जुन्या, हातांनी केलेल्या छोट्या सर्कशी गोळा करते आहे. घरी येणारे पाहुणे, गावाकडचे नातेवाईक आणि नव्यानं या नादाला लागलेली मंडळी साधारण तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

छोटी सर्कस म्हणजे खेळणं की मॉडेल?

दोन्ही. जमवणाऱ्यांच्या बोलण्यात तीन प्रकार येतात. पहिला, मुलांसाठी विकली गेलेली खेळणी: लाकडी विदूषक, हत्ती, शिडी, पिंपं. दुसरा, खऱ्या सर्कशीची मापं घेऊन प्रमाणात केलेली मॉडेलं: वाघांच्या पिंजऱ्याच्या गाड्या, तंबू, सामानाची रेल्वे. तिसरा प्रकार माझ्या सर्वांत जवळचा. एखाद्या सुतारानं, शेतकऱ्यानं, रेल्वेच्या माणसानं रात्री जेवणानंतर चाकू घेऊन मनानं कोरलेली अख्खी सर्कस. तिच्यात मापं चुकतात, घोडा कधीकधी हत्तीएवढा होतो, पण ती करणाऱ्यानं काय पाहिलं आणि त्याला काय भावलं हे तिच्यात स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे दिवाळीत किल्ला करून त्यावर मातीची चित्रं मांडतात ना, त्याची आठवण ठेवा म्हणजे हे वेड लगेच कळेल. शिवाजी महाराज मावळ्यापेक्षा तिप्पट मोठे असतात आणि कुणाची हरकत नसते.

अमेरिकेतच एवढ्या सर्कशी का घडल्या?

रिंगणातली सर्कस इंग्लंडची. १७६८ मध्ये लंडनमध्ये फिलिप ॲस्टली यांनी गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. पुढे रिंगणाचा व्यास ४२ फूट असा ठरून गेला आणि तो आजही चालतो. पण अमेरिकेत सर्कस रेल्वेवर चढली. पहाटे गाडी यायची, उघड्या सपाट डब्यांवरून रंगीत गाड्या एकामागून एक उतरायच्या, मैदानात तंबू उभा राहायचा, दुपारी आणि रात्री खेळ, आणि उजाडायच्या आत सगळं गुंडाळून गाडी पुढच्या गावी. एका दिवसात एक शहर वसायचं आणि उठायचं. हे पाहायला गावातली मुलं पहाटे चारला रुळांवर जाऊन उभी राहायची. मोठेपणी त्यातल्याच काहींनी हातात चाकू घेतला.

म्हणून जुन्या मॉडेलांत खेळापेक्षा गाड्या, दोरखंड, खुंट्या, स्वयंपाकाचा तंबू आणि घोड्यांचे तबेले जास्त असतात. नवख्या माणसाला वाटतं, यात सर्कस कुठे आहे? करणाऱ्यासाठी सर्कस तीच होती. १९३६ साली अशा लोकांची ‘सर्कस मॉडेल बिल्डर्स’ ही संघटना सुरू झाली आणि गाड्यांचे आराखडे एकमेकांना टपालानं जाऊ लागले. रिंगलिंग ब्रदर्स आणि बार्नम अँड बेली सर्कशीनं १६ जुलै १९५६ रोजी पिट्सबर्गमध्ये तंबूतला शेवटचा खेळ केला. त्यानंतर तंबूतली ती सर्कस मुख्यतः छायाचित्रांत, चित्रफितींत आणि या मॉडेलांतच उरली.

शोनहटची सर्कस कारखान्यात बनायची. तिला हातकामाची म्हणायचं का?

माझं उत्तर हो असं आहे, थोड्या अटींवर. अल्बर्ट शोनहट जर्मनीतून आलेले. त्यांनी १८७२ मध्ये फिलाडेल्फियात कंपनी काढली आणि सुरुवात केली ती मुलांच्या छोट्या पियानोंपासून. ‘हम्प्टी डम्प्टी सर्कस’ १९०३ साली आली आणि १९३५ मध्ये कंपनी बुडेपर्यंत चालली. लाकडाचे भाग यंत्रावर कातलेले असायचे, पण रंगकाम, कातड्याचे कान, दोरीच्या शेपट्या, कपडे हे सगळं हातांचं. म्हणूनच एकाच साच्यातल्या दोन विदूषकांच्या भुवया कधी सारख्या नसतात.

या सर्कशीची करामत सांध्यांत आहे. हातपाय आतून लवचीक दोरीनं ओवलेले आणि पायांत-हातांत खाचा पाडलेल्या. त्या खाचेत शिडीची पायरी अडकवली की विदूषक एका हातावर उलटा उभा राहतो, त्याच्या पायांवर खुर्ची, खुर्चीवर गाढव. सहा वर्षांच्या मुलालाही जमतं आणि साठीतल्या माणसालाही सोडवत नाही.

सुरुवातीच्या प्राण्यांना काचेचे डोळे आहेत, नंतरच्यांना रंगवलेले. पुढे आकारही लहान केला. हत्ती, गाढव, घोडा, पूडल कुत्रा सहज मिळतात. गोरिला आणि कांगारू शोधावे लागतात. त्यांच्या यादीत वशिंडाचा बैलही आहे, आपल्या खिल्लाराचा दूरचा भाऊ. तो दुर्मीळ आहे. फिलाडेल्फियातल्या कुणा कारागिरानं कातलेलं ते वशिंड मी पहिल्यांदा काचेच्या कपाटात पाहिलं, तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही.

एक खबरदारी: १९५० च्या दशकात डेल्व्हन नावाच्या कंपनीनं हीच सर्कस पुन्हा काढली होती. ती वाईट नाही, पण १९०३ ची नाही. किंमत देताना हे माहीत असावं.

जर्मनी-इंग्लंडकडचं काय मिळतं?

इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीची पोकळ शिशाची सर्कस १९३० च्या दशकातली. जर्मनीची एलास्टोलिन आणि लिनिओल ही चित्रं भुसा आणि सरस मळून केलेल्या लगद्याची, आत तारेचा सांगाडा. याच देशातल्या एर्ट्‌सगेबिर्ग डोंगराळ भागात, झायफन गावाच्या परिसरात, लाकडी प्राणी करायची एक अद्भुत रीत आहे. ओल्या लाकडाचं कडं कातायचं, ते अशा आकारात की कड्याचे पावासारखे काप केले की प्रत्येक कापात हत्तीची किंवा घोड्याची बाह्याकृती निघते. कातत असताना कारागिराला प्राणी दिसत नसतो, तो फक्त हाताला माहीत असतो. मग प्रत्येक काप चाकूनं गोलसर करून रंगवायचा. असा न रंगवलेला एक काप मी टेबलावर ठेवला आहे. हे सारं समजावून सांगायला त्याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही.

मोजमापाची भानगड काय आहे?

प्रमाण एक फुटाला किती इंच असं सांगतात. एक फुटाला एक इंच, पाऊण इंच, अर्धा इंच, पाव इंच ही नेहमीची मापं. घरात ठेवायला अर्ध्या इंचाचं बरं पडतं, कारण ४२ फुटांचं रिंगण २१ इंचांत बसतं. पाऊण इंचात तेच साडेएकतीस इंच होतं, आणि मोठ्या तंबूला तीन रिंगणं असतील तर हॉलमधला सोफा बाहेर काढावा लागतो.

विकत घेण्याआधी वस्तू कोणत्या प्रमाणातली आहे ते माणसाच्या आकृतीवरून मोजा. साडेपाच-सहा फुटांचा माणूस अर्ध्या इंचात साधारण तीन इंचांचा भरायला हवा. गाडी एका मापाची आणि घोडे दुसऱ्याच मापाचे निघाले, तर बहुधा दोन वेगळे संच एकत्र करून विकायला काढलेले असतात.

खरं जुनं कसं ओळखायचं?

वस्तू उलटी करा. दर्शनी बाजू सगळेच सजवतात, पोट कुणी सजवत नाही. झीज जिथे हात लागतो तिथेच असायला हवी: घोड्याच्या पाठीवर, गाडीच्या दांडीवर, चाकांच्या कडांवर. सगळीकडे सारखीच झिजलेली वस्तू सँडपेपरनं झिजवलेली असते.

मग खिळे-स्क्रू बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात रुळले. ‘१९१० ची गाडी’ म्हणून दाखवलेल्या वस्तूत ते मूळच्याच छिद्रात बसलेले असतील, तर हात आवरा. दुरुस्तीत नंतर घातलेलेही असू शकतात. तेव्हा शेजारी जुनं रिकामं छिद्र बहुतेक सापडतं.

लाकूड ओळखायला शिका. गरिबाघरच्या सर्कशीत चिरूटाच्या पेट्यांचं तांबूस लाकूड हमखास असतं आणि गाडीच्या आतल्या बाजूला कधीकधी पेटीवरची अर्धी अक्षरंसुद्धा दिसतात. दोऱ्याच्या रिळांची पिंपं, कपड्यांच्या चिमट्यांची माणसं, गाद्यांच्या कापडाचे तंबू, शिलाईच्या दोऱ्याचे दोरखंड हे सगळं त्या घरातलंच असतं.

कापड आणि कागद अंधारात अतिनील टॉर्चखाली धरा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धाग्यांत, कागदांत आणि कपडे धुण्याच्या पावडरींत उजळपणा आणणारी रसायनं आली, ती निळसर-पांढरी चमकतात. एक सावधगिरी यात हवी: जुना तंबू कुणी अलीकडे पावडरनं धुतला असेल तर तोही चमकेल. म्हणून शिवणीच्या आतला दोरा तपासा.

आणि शेवटी सर्कस बघा. खऱ्या गाड्यांच्या चाकांत आऱ्यांच्या मधे रंगीत त्रिकोणी फळ्या बसवलेल्या असत, चाक फिरलं की सूर्य फिरल्यासारखा दिसे. गाड्यांना क्रमांक असत. कोपऱ्यांना लोखंडी कड्या असत, कारण त्यांत दोर अडकवून गाडी रेल्वेच्या डब्यावर चढवायची असे. ज्यानं रुळांजवळ उभं राहून हे पाहिलंय तो कड्या विसरत नाही. केवळ विकण्यासाठी नकल करणारा सोनेरी नक्षी भरपूर करतो आणि कड्यांपाशी चुकतो.

रंग उडालाय. पुन्हा रंगवून घेऊ का?

नको. कृपा करून नको. घरची गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी येते, म्हणून आपल्याला ताजा रंग म्हणजे मान वाटतो. इथे उलट आहे. मूळ रंगाचा शेवटचा थर हाच करणाऱ्याच्या हाताचा पुरावा. तो झाकला की वस्तू राहते, माणूस जातो.

पोपडे सुटत असतील तर जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा. तोवर वस्तू आडवी ठेवा, ब्रशही फिरवू नका. तुटलेला तुकडा फेविकॉलनं चिकटवू नका, छोट्या पाकिटात घालून पाकिटावर तारीख आणि जागा लिहा. जुन्या कारागिरांनी सरस वापरलेला असतो, तो गरम पाण्यानं सुटतो. म्हणजे त्यानं केलेलं काम पुढच्याला उलगडता येतं. आपण केलेलंही तसंच उलगडता यायला हवं.

प्राण्यांच्या आतलं रबर तुटलं तर?

हे मात्र बदलायला हरकत नाही. रबर कालांतरानं कडक होऊन तुटतंच. सुती आवरणाची लवचीक दोरी वापरा आणि बेतानं ओढा. ताण जास्त झाला तर मानेजवळचं लाकूड चिरतं. जुनी दोरी टाकू नका, तीही पाकिटात.

पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात या वस्तू टिकतील का?

टिकतील, कष्ट घ्यावे लागतील. लाकूड-कापडाला पन्नास टक्क्यांच्या आसपासची स्थिर हवा मानवते. खरा घात होतो तो ओल-वाळ सतत बदलत राहिल्यानं: लाकूड फुगतं, आकसतं आणि रंग मात्र तिथेच अडून सुटतो. बंद काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, त्या वेळेवर वाळवा किंवा बदला. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आपल्याकडे पावसाळ्यात त्या भिंतीच पाझरतात. ऊन तर अजिबात नको, तंबूचा लाल रंग बघता बघता गुलाबी होतो.

लगद्याच्या चित्रांना पाण्याचा थेंबही लावू नका, ओल्या फडक्यानं पुसलं तर चेहराच उतरतो. लोकरीला कसर लागते, म्हणून पोशाख दर दोन महिन्यांनी उलटून बघा.

शिशाची चित्रं लाकडी कपाटात, विशेषतः ओक, देवदार किंवा एमडीएफच्या कपाटात ठेवू नका. त्या लाकडांतून आम्लाची वाफ सुटते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. चित्र आतून खाल्लं जातं आणि गेलेलं शिसं परत येत नाही. पत्र्याचं किंवा काचेचं कपाट उत्तम, वाळवीलाही ते पुरून उरतं.

लहान मुलांना खेळायला द्यावं का?

जुन्या रंगांतही शिसं असतं. तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांपासून लांबच. मोठ्यांनीही हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत. मोठ्या मुलांना मात्र शेजारी बसवून दाखवा. माझ्या भाचीनं शोनहटचा विदूषक शिडीवर उभा केला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं, त्यासाठीच तो १०० वर्षांपूर्वी कुणीतरी कातला होता.

किंमत कशावर ठरते?

मूळ रंग, पूर्ण संच, मूळ पेटी, काचेचे डोळे, दुर्मीळ प्राणी, या गोष्टींनी चढते. नव्या रंगानं आणि तुटलेल्या कानांनी उतरते. हातांनी कोरलेल्या घरगुती सर्कशीचा बाजारभाव असा नसतोच. तिथे करणारा कोण, कुठला, काय काम करायचा हे ठाऊक असेल तर फार फरक पडतो. म्हणून विकणाऱ्याला वस्तूबद्दल विचारण्याआधी घराबद्दल विचारा. ते बोलतात आणि बोललेलं लगेच लिहून घ्यावं.

पाहायला कुठे जावं?

एकच ठिकाण जमणार असेल तर फ्लॉरिडात सारासोटाला, रिंगलिंग संग्रहालयात. टेनेसीतल्या ओनिडा गावचे, लाकडी फरशीच्या घरच्या धंद्यातले हॉवर्ड टिबल्स यांनी १९५६ मध्ये पाऊण इंच प्रमाणात सर्कस करायला घेतली आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ ते तिच्यात भर घालत राहिले. मांडणीनं ३,८०० चौरस फूट जागा व्यापली आहे. रिंगलिंगनं नाव वापरायला परवानगी दिली नाही, म्हणून तिचं नाव ‘हॉवर्ड ब्रदर्स सर्कस’. नंतर ती रिंगलिंग यांच्याच नावाच्या संग्रहालयात जाऊन बसली! तिथे स्वयंपाकाच्या तंबूपाशी उभं राहा. जेवणाच्या ताटल्यांपर्यंत सगळं आहे.

माझं मन मात्र व्हर्मॉंटमधल्या शेलबर्न संग्रहालयात गुंततं. तिथे रॉय अर्नल्ड यांनी पंचवीसहून अधिक वर्षं मदतनिसांसह केलेली सर्कशीची मिरवणूक आहे, एक फुटाला एक इंच आणि लांबी ५०० फुटांहून जास्त. गुणून बघा, खरी असती तर ती पावणेदोन किलोमीटरहून लांब झाली असती. तिच्यासाठी नालाच्या आकाराची वेगळी इमारत आहे. आणि त्याच इमारतीत एडगर कर्क यांची ३,५०० नगांची सर्कस आहे. कर्क पेनसिल्व्हेनिया रेलरोडवर ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारे कामगार होते. खिशातला चाकू आणि पायानं चालवायची करवत, एवढ्यावर त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं आपल्या मुलांसाठी ही सर्कस कोरली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अर्नल्ड यांची भव्य मिरवणूक भराभर पाहून दुपारभर कर्क यांनी कोरलेल्या प्रेक्षकांसमोर उभी होते. प्रत्येक चेहरा वेगळा.

विस्कॉन्सिनमधलं बाराबू रिंगलिंग बंधूंचं गाव. तिथे सर्कस वर्ल्डमध्ये खऱ्या गाड्या आहेत. मॉडेल घेण्याआधी खऱ्या गाडीची चाकं बघून यावीत. शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी १९२६ ते १९३१ या काळात पॅरिसमध्ये तार, बुचं आणि चिंध्यांची सर्कस केली आणि ती जमिनीवर बसून ते स्वतः चालवून दाखवत. ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाकडे आहे.

भारतात घेऊन येताना काय अडचण?

बिलावर वस्तूचं वय, साहित्य आणि किंमत लिहून घ्या. हस्तिदंत असेल तर घेऊच नका, तिकडेही कायदा कडक आहे आणि इकडेही. कातडी, पिसं, फर यांचीही आधी चौकशी करा. आणखी एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी पुरावस्तू भारताबाहेर नेता येत नाही. म्हणजे आजोबांच्या माळ्यावर काही सापडलं, तर ते मला अमेरिकेत पाठवू नका. तिथेच जपा.

साखळदंडातले हत्ती आणि पिंजऱ्यातले वाघ घरात मांडणं बरं वाटतं का?

हा प्रश्न माझ्या मुलीनं विचारला होता आणि तो रास्त आहे. त्या प्राण्यांचे हाल झाले. भारतात १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. योग्यच झालं. मधे बंद पडलेली रिंगलिंगही २०२३ मध्ये परतली ती प्राण्यांविना.

मी मांडणीतून पिंजरे काढत नाही, साखळ्याही नाही. कोरणाऱ्यानं हत्तीच्या पायात साखळी घातली असेल तर ती दिसली पाहिजे. आणि पाहुण्यांना मी हत्तीबरोबर खुंट्या ठोकणारी, घोडे जुंपणारी, भांडी घासणारी माणसंही दाखवते. त्यांची नावं फार ठिकाणी उरलेली नाहीत.

मराठी सर्कशीची अशी मॉडेलं मिळतात का?

सांगलीची असल्यामुळे हा प्रश्न मला टोचतो. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे, कुरुंदवाड संस्थानातले घोड्यांचे उस्ताद. त्यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. म्हैसाळचे देवल, सांगलीचे कार्लेकर, आमच्या भागानं एकामागून एक सर्कशी दिल्या. केरळातल्या तलश्शेरीच्या कीलेरी कुन्हीकण्णन यांनी सर्कशीची शाळा काढली, त्यामागेही छत्र्यांची प्रेरणा होती. एवढं असून आपल्याकडच्या एकाही सर्कशीचं जुनं हातकामाचं मॉडेल माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

गणेशोत्सवातले हलते देखावे करणारे कारागीर आपल्याकडे आहेत. त्यांच्यातल्या कुणी छत्र्यांचा तंबू अर्ध्या इंचाच्या प्रमाणात केला तर मी मापं मोजायला स्वतः येईन. तोवर सर्कशीत काम केलेली म्हातारी माणसं ज्यांच्या ओळखीत आहेत, त्यांनी त्यांच्याकडून तंबूला खांब किती, कनात कोणत्या रंगाची, घोड्यांची दावण कुठे, एवढं तरी लिहून घ्यावं.

मोठा संच परवडत नाही. त्यातले थोडे नग घेतले तर चालेल?

सुटे मिळालेले नग जरूर घ्या. पण एकत्र असलेला संच फोडून घेऊ नका आणि आपला फोडून विकू नका. हे मी स्वतः पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी इथल्या एका लिलावात एका वारलेल्या सुताराची सर्कस आली. अठरा गाड्या, बायकोनं मशीनवर शिवलेला तंबू, ऐंशीच्या आसपास घोडे. लिलाववाल्यांनी तिचे लॉट पाडले: घोडे वेगळे, गाड्या दोन-दोन, तंबू वेगळा. सगळं तासाभरात सहा राज्यांतल्या लोकांकडे गेलं. माझ्या हाती चार गाड्या आल्या आणि शेवटी कुणालाच नको असलेलं रद्दी कागदांचं खोकं.

खोक्यात त्याची वही निघाली. १९२७ पासून गावात सर्कस आली की तो मैदानावर जाऊन गाड्यांची मापं घ्यायचा. प्रत्येक पानावर गाडीचा क्रमांक, लांबी, चाकांचे रंग, आणि घरी केलेली गाडी कोणत्या महिन्यात पुरी झाली ते. गाड्यांच्या पोटाखाली पेन्सिलीनं तेच क्रमांक आहेत.

त्या वहीच्या पानांचे फोटो मी ओळखीच्या सगळ्या जमवणाऱ्यांना पाठवले. आतापर्यंत अकरा गाड्या परत आल्या आहेत, काही विकत, दोन तर तशाच भेट. तंबू ओहायोत एका बाईंकडे आहे. त्या विकायला तयार नाहीत, पण दर उन्हाळ्यात त्या तंबू घेऊन येतात, मी गाड्या काढते, आणि वहीतल्या नकाशाप्रमाणे आम्ही दोघी तो अंगणात उभा करतो. क्रमांक ७, ११ आणि १६ च्या गाड्यांच्या जागा रिकाम्या ठेवतो. ११ नंबरची निळी आहे, पिवळी चाकं, वर कोरलेला सिंह, डावा पंजा तुटका. कुणाला दिसली तर पोटाखाली बघा.